महोत्सवाची सुट्टी: पूर्ण, भरपाईची की अर्धी?

शहराच्या महोत्सवासाठी स्थानिक सुट्टी मागायची, यावर समितीत लगेच एकमत होतं. कोणती सुट्टी मागायची, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. निवेदन लिहिण्याआधी ते ठरवायला हवं.

पूर्ण सुट्टी कानाला सगळ्यात गोड लागते, पण ती मिळते कुणाला? महाराष्ट्रात जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देऊ शकतात. त्या आदेशातून बँका आणि केंद्र सरकारची कार्यालयं सहसा वगळलेली असतात. बँका बंद ठेवायच्या तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (चेक-हुंड्यांचा कायदा) च्या कलम २५ खाली अधिसूचना लागते. म्हणजे शाळा आणि सरकारी कचेऱ्या बंद, पण दुकानातला नोकर कामावरच. शिवाय तिन्ही सुट्ट्या आधीच ठरलेल्या असल्या, तर तुमच्यासाठी कुठल्या तरी सणाची सुट्टी कापावी लागेल, आणि तो वाद महोत्सवाच्या माथी बसेल. स्पेनमध्ये हे दुखणं नाही. तिथे वर्षाच्या १४ पगारी सुट्ट्यांपैकी दोन स्थानिक असतात आणि खासगी नोकरदारांनाही त्या कायद्यानेच मिळतात. आपल्याकडची 'पूर्ण' सुट्टी त्या मानाने अर्धवटच.

भरपाईची सुट्टी तमिळनाडूत रुळलेली आहे. तंजावरचा सदय उत्सव, म्हणजे राजराज चोळ राजाच्या जन्मनक्षत्राचा सोहळा असो की निलगिरीतलं पुष्पप्रदर्शन, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि तिच्या बदल्यात बहुधा एखादा शनिवार कामाचा ठरवतात. सुट्टीच्या दिवशीही सरकारी कोषागारात मोजके कर्मचारी हजर राहतात. मला हा व्यवहार चोख वाटतो: कामाचा दिवस बुडत नाही आणि विरोध करणाऱ्याचा मुख्य मुद्दाच निकाली निघतो. बदली शनिवारी हजेरी किती भरते, ते सोडा.

अर्ध्या दिवसाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. झुरिकमध्ये एप्रिलच्या एका सोमवारी सेक्सेलॉयटन हा वसंतोत्सव असतो. संध्याकाळी सहाला हिवाळ्याचा पुतळा पेटवतात, आणि शहरातली बरीच कार्यालयं व दुकानं दुपारपासूनच बंद होतात. मुख्य कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर सकाळ मोकळी ठेवून साधतं काय? उलट अख्खा दिवस मिळाला की निम्मं शहर गावाला पळतं.

निवेदनाआधी वारही बघा. २०२५ मध्ये गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी दोन्ही शनिवारी आल्या. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे सरकारी कचेऱ्यांना तेव्हा सुट्टी होतीच, म्हणून मुंबईत त्यांच्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठ गौरी विसर्जनाची सुट्टी दिली गेली.

मला विचाराल तर संध्याकाळच्या मिरवणुकीला अर्धा दिवस मागा आणि दिवसभराच्या उत्सवाला भरपाईची सुट्टी. पूर्ण सुट्टी हवीच असेल, तर नव्या वर्षाच्या सुट्ट्या ठरण्याआधी निवेदन द्या. आणि सुट्टी कोणतीही मिळो, सफाई कामगार, बसचालक आणि पोलीस यांना त्या दिवशी जास्तच काम पडणार आहे. त्यांच्या बदली रजेची मागणी त्याच निवेदनात घाला.