मैत्री की भारती? हिवाळी तुकडीत जाणाऱ्यांसाठी

वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची जाहिरात निघाली की डॉक्टर, मेकॅनिक, आचारी अर्ज भरतात आणि लगेच विचारतात, मैत्री बरं की भारती? ही भारताची अंटार्क्टिकावरची दोन स्थानकं; हिवाळी तुकडी म्हणजे अख्खा हिवाळा तिथेच काढणारी माणसं. नेमणूक केंद्रच करतं. तरी कुठे काय वाट्याला येईल, हे आधी कळलेलं बरं.

अनेकांचा ओढा मैत्रीकडे, तो विमानामुळे. शिर्माकर ओॲसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातल्या या स्थानकाजवळच रशियाचं नोवोलाझारेवस्काया स्थानक आणि त्याची निळ्या बर्फावरची धावपट्टी आहे. केपटाउनहून निघालेलं इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान सहाएक तासांत तिथे उतरतं. भारती तिथून पूर्वेला सुमारे ३००० किलोमीटरवर, लार्समन टेकड्यांत. तिथे बराचसा भरवसा जहाज आणि हेलिकॉप्टरवर.

पण ही धावपट्टी चालते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही ऐन उन्हाळ्यात (तिथे तो डिसेंबर-जानेवारीत) वरचा थर विरघळू लागला की उड्डाणं अडतात. मार्चनंतर कोणी आजारी पडलं तर दोन्हीकडे आधार तुकडीतल्या डॉक्टरचाच. याच नोवोलाझारेवस्कायात १९६१ मध्ये डॉ. लिओनिद रोगोझोव्ह यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं, कारण दुसरा डॉक्टर नव्हता आणि विमान येणं शक्य नव्हतं. तेव्हा ‘धावपट्टी जवळ आहे’ एवढ्यावर मैत्री निवडू नका.

खरा फरक रोजच्या जगण्यात आहे. मैत्री १९८९ चं, म्हणजे इमारत जुनी आणि डागडुजी कायमची. पिण्याचं पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं. समुद्र मात्र शंभरेक किलोमीटर लांब, त्यामुळे डिझेल आणि शिधा बर्फाच्या कड्यावरून पट्ट्याच्या गाड्यांना स्लेज जोडून ओढत आणायचा. मेकॅनिकला शिकायचं असेल तर यासारखी शाळा नाही (बोटं गारठतात, ते वेगळं).

भारती २०१२ चं. १३४ कंटेनर जोडून उभारलेली इमारत. खोल्या, व्यायामशाळा, वर्कशॉप, सगळं एकाच छपराखाली. समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. खिडकीतून समुद्र दिसतो, पेंग्विनही फिरकतात. उपग्रहांचा डेटा उतरवणारं केंद्र इथेच असल्याने इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना काम भरपूर.

वैद्यकीय आणि मानसिक चाचण्या, उत्तराखंडातल्या औलीचं बर्फातलं प्रशिक्षण दोघांनाही सारखंच. दोन महिन्यांच्या आसपासची अंधारी रात्रही. पहिल्यांदाच जात असाल आणि कोणी पसंती विचारलीच, तर मी भारती सांगेन. हाताला गाड्यांची सवय असेल तर मैत्री.