फायबर इंटरनेटच्या नावाखाली माझे 23,416 रुपये गेले, तुमचे वाचवा

सुरुवातीलाच सांगतो, मी अडाणी नाही. देवगड तालुक्यातल्या हायस्कुलात 29 वर्षं विज्ञान शिकवलं. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा आला की दर वर्षी फळ्यावर काचेचा तंतू काढायचो आणि त्यातून प्रकाश कसा आपटत आपटत पुढे जातो ते दाखवायचो. त्याच मास्तराला तांब्याची वायर फायबर म्हणून विकली गेली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे आकडे आहेत.

आमची वाडी सड्याखाली, म्हणजे कातळी पठाराखाली, खोलगटात. मोबाईलला बावीच्या काठावर एक काडी, माळ्यावर चढलं तर दोन-तीन. लँडलाइन 2021 च्या तौक्ते वादळात फणस पडून तुटली ती तुटलीच. मुलगा म्हणाला, नेट असेल तर मे महिनाभर सुनेला, नातवाला घेऊन येतो, घरूनच काम करतो. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

मार्चात मुख्य रस्त्याच्या खांबांवरून एका कंपनीची काळी केबल ओढली जात होती, अख्ख्या गावाने पाहिली. आठ दिवसांनी त्याच कंपनीचा टी-शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र लटकवून एक पोरगा दारात आला. "सर, तुम्ही काय काळजी करू नकात, चार दिवसांत चालू करून देतंय." आपली भाषा, वर 'सर' म्हणतोय. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?

नोंदणी 1,500. राउटरची अनामत 3,500. खांबापासून घरापर्यंत 260 मीटर केबल, मीटरला 22 प्रमाणे 5,720. वर्षाचा प्लॅन 600 रुपये महिना, जीएसटीसकट 8,496. एकूण 19,216. 2 एप्रिलला यूपीआयने दिले, तेही एका माणसाच्या नावावर, कारण 'कंपनीचं खातं आज सर्व्हरमुळे बंद आहे'. पावतीवर रबरी शिक्का होता. जीएसटीचे 1,296 घेतले, पण पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. पावती हातात आली की आधी तो क्रमांक शोधा, चहा नंतर द्या. मी आधी चहा दिला, वर आमसुलाची बाटली.

6 एप्रिलला जोडणी. हा दिवस मी रात्री झोप येईना की उकरत बसतो. बाहेरून जाडजूड काळी वायर कौलांखाली घेतली. तिथे माळ्यावर एक बंद डबा ठोकला. "उघडू नकात हां सर, आत लेझर असता, डोळे जातले." लेझर असतो हे खरंच, म्हणून मी मान डोलावली! डब्यातून पांढरी वायर खाली राउटरला आली आणि तिचं पारदर्शक टोक आत जाताना 'टक्' असा आवाज झाला. हा आवाज मी शाळेच्या संगणक कक्षात शेकडो वेळा ऐकलेला. ती संगणकाला लावतात ती साधी तांब्याची लॅन केबल. डब्याबाहेर लॅन केबल असणं एक वेळ चालेल. पण काच जोडणारं स्प्लायसिंग यंत्र आणलं नव्हतं. घरात येणारी फायबरची केबल चपटी, बारीक असते, आत केसाएवढी काच, टोकाला हिरवा नाही तर निळा चौकोनी कनेक्टर. यातलं काहीच दिसलं नाही. सौ. म्हणाली, "अहो, एवढी जाडी वायर कित्या?" मी तिलाच गप्प केलं. मुलाने फोनवर विचारलं, बाबा, पॉन लिहिलेला दिवा, फायबर जोडलेलं असलं की लागतो तो, हिरवा आहे का? चष्मा नव्हता. कुठलातरी दिवा हिरवा होता. हो म्हणालो.

वेग मोजला तर 41 एमबीपीएस. सांगितले होते 100. पण आमच्या वाडीत 41 म्हणजे चमत्कारच, मी खूष. मग रोज एक गंमत व्हायला लागली. सकाळी जोरात, दुपारपर्यंत रखडत रखडत पार बंद, आणि रात्री बारा वाजले की पुन्हा जोरात. बारा वाजता! त्याला फोन केला तर म्हणे, तुमच्या जांभ्याच्या भिंती जाड, वायफाय अडतं, बूस्टर लावा. जांभ्याने वायफाय अडतं, त्यातही 5 गिगाहर्ट्झवालं जास्त, हे खरंच आहे. पण भिंती काय दुपारी जाड होतात आणि मध्यरात्री पातळ? हा प्रश्न मला पडायला हवा होता. 17 एप्रिलला बूस्टरचे 4,200 दिले.

4 मे रोजी सगळं ठप्प. 28 दिवस मोजून. तुम्ही ओळखलंच असेल. वाडीतल्या वायरमनने डबा उघडला, आत सिमकार्डवर चालणारा 4जी राउटर. रोजचा 2 जीबी संपला की रखडायचं, 28 दिवसांचा रिचार्ज संपला की मेलं. ती काळी केबल कौलांखाली गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. टेपने मोजली, 60 मीटर भरली, तीही जुनी डिश टीव्हीची.

आता पुढचं ऐका. कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात मुलीने स्क्रीनवर पाहून सांगितलं, तुमच्या वाडीत आमची सेवाच पोचलेली नाही. मग टी-शर्ट कोणाचा? "ते ठेकेदाराकडे असतात." ठेकेदार कोण? "माहीत नाही." हा एक फोन मी मार्चमध्ये केला असता तर! पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. हवालदार म्हणाले, "नेट चाललं ना महिनाभर? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 छापून नेलं होतं, त्यांनी कागद उलटा करून चहाचा कप त्यावर ठेवला. म्हणाले सायबरला जा. एसटीने जिल्ह्याला गेलो. तिथे म्हणे ओटीपी गेला नाही, लिंक नाही, पैसे समोरासमोर ठरले, म्हणजे सायबर नाही, तुमच्या ठाण्यातच जा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्जावर पोचशिक्का मिळाला, आणि तो देताना चेहरा असा की जणू मी किडनी मागितली. डबा मुद्देमाल म्हणून जमा करून घ्या म्हटलं, तर "असू दे तुमच्याकडेच, पण हात लावू नका".

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन तासाभरात केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. मला कळेपर्यंत महिना उलटलेला. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, तिथे व्यक्तीची तक्रार घेत नाहीत, तिथे खेटे घालू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण नोटीस कुठे पाठवू? त्याचा पत्ता मी घेतलाच नव्हता. ओळखपत्राचा फोटो काढा, गाडीचा नंबर टिपा, आगाऊ वर्षाचे पैसे कोणालाही देऊ नका, अगदी चुलत्याच्या पोरालासुद्धा.

आणि हे सगळं चारचौघांत लिहितोय त्याचं कारण वेगळंच. तो पोरगा पलीकडच्या वाडीत फिरत होता. "सरांच्या घराक बसवलंय, विचारा तेंका" असं सांगून त्याने आणखी तीन घरांतून पैसे नेले. त्यातल्या एकाने मला एप्रिलमध्ये फोन करून खरंच विचारलं होतं. मी म्हणालो, मस्त चाललंय, घे.