काच बदलली, पण गाडी डावीकडे का जाते? एडास कॅलिब्रेशनचा आठ महिन्यांचा अनुभव

जुलैतली गोष्ट. तळेगावहून बेलापूरला निघाले होते. घाट उतरून झाला होता आणि पुढच्या डंपरमधून उडालेली खडी नेमकी आरशाच्या खाली काचेवर बसली. खालापूरच्या नाक्यावर थांबून पाहिलं तर हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका. बेलापूर येईपर्यंत त्यातून वीतभर तडा गेला होता. आठवड्यातून दोनदा हाच रस्ता करते, त्यामुळे काच बदलायला फार विचार केला नाही. विचार करायला हवा होता तो काचेमागच्या कॅमेऱ्याचा.

गाडी दोन वर्षांची, पेट्रोल, लेव्हल २ एडासवाली, म्हणजे लेनमध्ये राहायला आणि ब्रेक लावायला स्वतःहून मदत करणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अडचण गाडीची नव्हतीच, दुरुस्तीची होती. आपल्याकडे २०२० मध्ये एमजीची ग्लोस्टर आणि २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आल्यावर हे प्रकरण लोकांना माहीत झालं. आता मधल्या किमतीच्या गाड्यांतही ते सर्रास मिळतं. आरशामागचा कॅमेरा लेनचे पट्टे आणि पुढची वाहनं बघतो. बहुतेक गाड्यांत जोडीला पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे रडार असतं, ते अंतर आणि वेग मोजतं. होंडाच्या सिटी आणि एलिव्हेटसारख्या गाड्या फक्त कॅमेऱ्यावर चालतात. माझ्या गाडीत दोन्ही आहेत आणि आठ महिन्यांत दोन्हींची पाळी आली.

काच बसवायला माणसं घरी आली. काम स्वच्छ होतं. जुनी काच तारेने कापून काढली, नवी चिकटवली, वर टेप लावली, रात्रभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दोन दिवस प्रेशरने धुऊ नका म्हणाले. एडासवाल्या व्हेरियंटची काच वेगळी असते, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट तिलाच चिकटवलेला येतो. तशीच काच आहे ना, हे मी आधी विचारून घेतलं होतं. मग कॅमेऱ्याची नजर पुन्हा सरळ जुळवून घ्यायचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं विचारलं, "दादा, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन?"

"ताई, ते गाडी चालवली की आपोआप होतं."

हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य म्हणूनच पटतं. काही गाड्यांचं कॅलिब्रेशन खरंच रस्त्यावर होतं, पण तेही सहसा आपोआप नाही. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून ती प्रक्रिया सुरू करावी लागते आणि मग पट्टे नीट दिसणाऱ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवावी लागते. त्याला डायनॅमिक म्हणतात. दुसरा प्रकार स्टॅटिक. त्यात सपाट जमिनीवर गाडी उभी करून समोर ठरावीक अंतरावर आणि उंचीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचा बोर्ड ठेवतात. काहींना दोन्ही लागतं. माझ्या गाडीला स्टॅटिक लागतं, हे मला पुढे वर्कशॉपमध्ये कळलं. तोवर मी पाच दिवस तशीच फिरले.

वर्कशॉपमध्ये पंचवीस मिनिटांत काम झालं. एक मुलगा टेप घेऊन आला, बंपरच्या लोगोपासून अंतर मोजलं, बोर्ड डोळ्यांच्या अंदाजाने मधोमध सरकवला. बाजूचं शटर उघडं होतं आणि बोर्डाच्या अर्ध्या भागावर ऊन आलं होतं. जमिनीला पाणी निघून जावं म्हणून नाल्याकडे उतार होता. स्कॅनरवर हिरवी खूण आली, बिलावर "कॅलिब्रेशन ओके" छापलं गेलं. मी खूश होऊन घरी.

पुढचे तीन आठवडे गाडी मला डावीकडे नेत होती. जोरात नव्हे. मधल्या लेनमध्ये शंभरने चालले असताना स्टिअरिंगला हलकासा ओढा जाणवायचा आणि गाडी डाव्या पट्ट्याला चिकटून चालायची. डावीकडच्या लेनमध्ये कंटेनर असला की अंगावर काटा यायचा. मी हाताने सरळ केली की पुन्हा तेच. लेन असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग हलवणारी सोय, बंद केली की गाडी सुतासारखी सरळ. म्हणजे चाकांचा दोष नव्हता. आणि डॅशबोर्डवर एकही पिवळा दिवा नाही! नवऱ्याचं म्हणणं होतं की दिवा नाही म्हणजे दोष नाही. माझंही आधी तेच मत होतं.

पण दिवा लागणार कसा? कॅमेऱ्याला "सरळ" म्हणजे काय हे त्या बोर्डानेच शिकवलं. बोर्ड तिरका असेल तर त्याच्यासाठी तिरकं हेच सरळ. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्याला बोर्ड सापडला. बोर्ड योग्य जागी होता की नाही, हे स्कॅनरला कळायचा मार्ग नाही. ते कळतं फक्त बोर्ड ठेवणाऱ्या माणसाला.

चूक केवढी असू शकते याचा हिशोब मी एका रात्री वहीत केला. एक अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या दोन खुणांमधल्या अंतराचा सहावा भाग. शंभर मीटर पुढे तोच एक अंश पावणेदोन मीटर होतो. हमरस्त्याची लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन. तुमच्या पुढची गाडी तुमच्याच लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी जागा एका मित्राने सुचवली. चिंचवडच्या बाजूला एक लहानसं गॅरेज, अलाइनमेंटसाठी ओळखीचं. मालक साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बोर्डाला हात लावायच्या आधी दीड तास इतर कामांत घालवला आणि मला तेव्हाच धीर आला. टायरमधली हवा तपासली. डिकीतलं सगळं सामान बाहेर काढायला लावलं, त्यात माझी दोन महिन्यांची रद्दीही निघाली. पेट्रोल किती आहे विचारलं. मग चाकांचं अलाइनमेंट. मग पुढच्या आणि मागच्या लोगोच्या मध्यावरून चक्क ओळंबे सोडले, गवंड्याकडे असतात तसे, आणि जमिनीवर खडूच्या दोन खुणा केल्या. त्या खुणांतून दोरा ताणून पुढे नेला. बोर्डाचा मध्य त्या दोऱ्यावर, बोर्ड दोऱ्याला काटकोनात, उंची जमिनीपासून मोजून. शटर खाली, दिवे चालू.

"काका, एवढं कशाला? मशिन आहे की."

"मशिन विचारतं, बोर्ड ठेवला का? आपण हो म्हणतो. मग खरंच ठेवायला नको?"

स्कॅनरवर आधीचा आणि नंतरचा कोन दोन्ही दिसले. आडव्या दिशेत आधी एक अंशाहून थोडा जास्त फरक होता, नंतर शून्याच्या आसपास. त्यांनी दोन्हींची प्रिंट काढून दिली. पुढे मला दोन चकरा मारायला लावल्या, एक लेन असिस्ट चालू ठेवून, एक बंद करून.

ऑगस्टपासून आजवर त्या कॅमेऱ्यावर साधारण नऊ हजार किलोमीटर झाले. लेनच्या मधोमध चालते. वळणांवर आधीसारखीच, म्हणजे बऱ्यापैकी. घाटात मी ते बंदच ठेवते, तिथे ट्रक पट्टे मानत नाहीत आणि कॅमेरा पट्ट्यांशिवाय दुसरं फारसं मानत नाही. जोरदार पावसात तो स्वतःच रजा घेतो आणि तसा निरोप पडद्यावर देतो. हे कॅलिब्रेशनचं अपयश नाही, काच बदलण्याआधीही असंच होतं.

काच बदलणाऱ्यांनी न सांगितलेली एक गोष्ट: जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. तो सोलून दुसरीकडे लावता येत नाही, फाटतो. बँकेकडून नवा मागवावा लागतो. आणि नवा लावताना तो कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर येणार नाही हे बघा. आमच्या सोसायटीत एकाने आरशामागे मधोमध लावला होता आणि महिनाभर गाडीला शिव्या घालत होता.

दसऱ्याला दुसरी गंमत. सासऱ्यांनी गाडी धुतली, पूजा केली, झेंडूचा जाडजूड हार जाळीवरून सोडला. दुपारी आम्ही सगळे तळेगावहून आळंदीला निघालो आणि चाकणच्या रस्त्यावर पडद्यावर आलं की पुढचं रडार झाकलं गेलं आहे. माझ्या पोटात गोळा, पुन्हा गॅरेज! गाडी बाजूला घेतली, हार दोन वीत वर बांधला, निरोप गेला. ओली फुलं रडारसमोर म्हणजे डोळ्यावर ओला टॉवेल. सासरे म्हणाले, "देवाच्या फुलांनी गाडी आंधळी होते होय?" पण पुढच्या अमावास्येला लिंबू-मिरची त्यांनी स्वतःहून नंबरप्लेटच्या कडेला बांधली. त्याच कारणासाठी जाळीवर क्रोमची पट्टी किंवा पुढे लोखंडी गार्ड लावून घेऊ नका. गार्ड तर २०१७ च्या शेवटी केंद्राने बेकायदा ठरवलेच आहेत.

बंपरचं प्रकरण डिसेंबरातलं. वाकड पुलाखाली पुढची रिक्षा मागे सरकली आणि माझ्या पुढच्या बंपरला टेकली. टेकली म्हणण्याइतकंच. एक ओरखडा, खालच्या जाळीचा एक खिळा तुटलेला. पण त्या दिवसापासून क्रूझ (पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) चालू असताना शेजारच्या लेनमधला ट्रक पुढे दिसला की गाडी मधेच ब्रेक मारू लागली. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लागला की खरी भीती मागच्याची असते, त्याला काय कल्पना?

ओळखीच्या डेंटिंगवाल्याने प्लास्टिक वेल्डिंग, पुट्टी आणि रंग असा स्वस्त बेत सांगितला. गॅरेजच्या काकांनी साफ नाही म्हटलं. रडारसमोरच्या भागावर पुट्टीचा थर किंवा मेटॅलिक रंगाचे जादा हात चढले की लहरी नीट बाहेर पडत नाहीत आणि परतही येत नाहीत. त्यांच्याकडे तेव्हाच एक गाडी आली होती, मागचा बंपर दोनदा रंगवलेला आणि आरशात न दिसणाऱ्या शेजारच्या वाहनाची सूचना देणारा ब्लाइंड स्पॉटचा दिवा एका बाजूला मुका. माझ्या गाडीत रडार जाळीमागे असल्याने रंगाचा प्रश्न नव्हता, पण त्याचा ब्रॅकेट वाकला होता. किती? बघून कळणार नाही इतका. डिजिटल लेव्हल लावल्यावर आकडा दिसला. ब्रॅकेट नवा बसवला, समोर स्टँडवर धातूचा त्रिकोणी परावर्तक ठेवला, रडारच्या स्क्रूने कोन जुळवला. वेळ दोन तास. ब्रेकचा तो प्रकार त्यानंतर एकदाही नाही.

आता पैसे. काच आणि बसवणावळ मिळून एकवीस हजार, पहिलं बिघडलेलं कॅलिब्रेशन चार हजार, दुसरं नीट झालेलं अलाइनमेंटसह साडेपाच. विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे काचेचे पैसे मिळाले, फक्त १५०० सीसीच्या आतल्या गाडीचे सक्तीचे १,००० रुपये माझे गेले. कॅलिब्रेशनची ओळ मात्र विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आधी खोडली, "हे दुरुस्तीत येत नाही" म्हणून. मी गाडीच्या पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो पाठवला, जिथे काच काढल्यास कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या असं लिहिलं आहे. चार दिवसांनी पहिल्या कॅलिब्रेशनचं बिल मंजूर झालं. दुसऱ्याचं नाही, कारण कागदावर ते काम आधीच "ओके" झालं होतं. याचा राग अजून आहे. पहिल्या वर्कशॉपने पैसे परत दिले नाहीत, फुकट पुन्हा करून देतो म्हणाले. त्याच उतारावर.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तो गेलाच. तो राखणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण, मी घेतलं नव्हतं. बंपरचा क्लेम केलाच नाही, कारण प्लास्टिकच्या भागांवर अर्धा घसारा जातो आणि तो वाचवणारं झिरो डेप ॲड-ऑन माझ्याकडे नाही. त्या कामाचे सात हजार खिशातून.

मागच्या रविवारी सोमाटण्याजवळ पुन्हा एक खडा बसला. या वेळी काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला, मुगाच्या दाण्याएवढा. तडा जायच्या आत रेझिन भरून घेतलं, वीस मिनिटांचं काम. कॅमेऱ्याच्या नजरेत नाही, काच हलली नाही, कॅलिब्रेशन लागत नाही, असं काकांनी फोनवर सांगितलं. तरी सोमवारी उर्से ओलांडल्यावर मी लेन असिस्ट आधी बंद ठेवून, मग चालू करून गाडी बघितली. कामशेतच्या बोगद्यापर्यंत दोन्ही पट्टे सारख्याच अंतरावर होते.