रीडर व्ह्यूमधून आठ महिने मराठी बातम्या : वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यातल्या एका सकाळी मी सहज मोजून पाहिले. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याच्या आवर्तनाविषयीची अकरा वाक्यांची बातमी मोबाइलवर वाचून संपवायला मला चौदा वेळा स्क्रोल करावे लागले. मधे तीन ठिकाणी ‘हेही वाचा’ आडवे आले, एकदा ‘ताज्या बातम्यांच्या सूचना हव्यात का’ अशी चौकट उघडली, आणि कोपऱ्यात आपणहून सुरू झालेला व्हिडिओ बंद करायला गेलो तर त्याची फुली इतकी बारीक की बोट शेजारच्या जाहिरातीवर पडून दागिन्यांच्या दुकानाचे पान उघडले. तिथून परत आलो तेव्हा बातमी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली होती. संकेतस्थळाचे नाव मी घेत नाही. ज्याने त्याने आपण रोज वाचतो त्याचे नाव तिथे घालावे.

त्या दिवसापासून मी बातम्या शक्यतो फायरफॉक्स या ब्राउझरच्या रीडर व्ह्यूमधूनच वाचतो. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कागदाच्या पानासारखे छोटेसे चिन्ह दिसते. ते दाबले की (विंडोजवर एफ९ ही कळही चालते) मथळा, मजकूर आणि बातमीतली छायाचित्रे एवढेच शिल्लक राहते आणि बाकीचे सारे पान बाजूला होते. कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या आर्क९० या कंपनीने २००९ मध्ये ‘रीडेबिलिटी’ नावाचे छोटे साधन काढले, पुढच्याच वर्षी ॲपलने सफारी ५ मध्ये त्याच धर्तीवर ‘रीडर’ दिला, आणि संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये ही सोय २०१५ मध्ये आली. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे ते चिन्ह माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते एकदाही दाबून पाहिले नव्हते, हे कबूल केलेले बरे.

पहिल्या आठवड्यात मला वाटले की जाहिराती गेल्या म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात तो अर्धाच फायदा होता. पान स्वच्छ झाल्यावर जे अक्षर समोर आले ते बारीक आणि दाटीचे होते, आणि पन्नाशी उलटलेल्या, दुहेरी नंबरच्या चष्म्याच्या माणसाला ते सलग दहा मिनिटे वाचवत नव्हते. रीडर व्ह्यूच्या पट्टीत अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर आणि मजकुराच्या स्तंभाची रुंदी बदलता येते. यांपैकी ओळींमधले अंतर मराठीसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, असे माझे आठ महिन्यांनंतरचे ठाम मत आहे. रोमन लिपीच्या मानाने देवनागरीला वर आणि खाली अधिक जागा लागते. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे, असा सारा संसार असतो. इंग्रजीला पुरेल एवढेच अंतर ठेवले तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो आणि डोळा ओळ चुकतो. मी अंतर दोन टप्पे वाढवले, स्तंभ थोडा अरुंद केला आणि त्यानंतर चष्मा कपाळावर ढकलून डोळे चोळण्याची सवय माझ्याही नकळत सुटली.

दुसरा बदल फॉन्टचा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या भागात जाऊन देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट ठरवता येतो. तिथे मी गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळणारा ‘टायरो देवनागरी मराठी’ बसवला. त्याच घराण्यात हिंदी आणि संस्कृत अशा आणखी दोन आवृत्त्या आहेत, आणि नावातला ‘मराठी’ हा शब्द शोभेसाठी नाही. आपला देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि पानावर भाषेची जी नोंद असते ती पाहून त्यांतले एक निवडले जाते. ती नोंद चुकली की मराठी बातमी हिंदी अक्षरात समोर येते. हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा असल्याने तो प्रश्न उरत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पस्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते, बदललेले पान मी त्यांच्यासमोर धरले तेव्हा त्यांनी बातमी वाचण्याआधी ‘शेतकरी’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हा आपला श. मी फळ्यावर असाच काढत होतो.”

एक सूचना मात्र आवर्जून करतो. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरांमधले अंतर वाढवण्याचीही सोय आहे. ती मराठीसाठी वापरू नये. रोमन अक्षरे मुळात सुटी असतात, म्हणून ती थोडी लांब सरकली तरी बिघडत नाही. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात, आणि अंतर वाढवले की ती रेषा जागोजागी तुटून शब्दाचे तुकडे झाल्यासारखे दिसते. शब्दांमधले अंतर वाढवायला हरकत नाही.

सुरुवातीला मला पडलेले कोडे असे होते की काही बातम्यांवर ते चिन्ह उगवतच नसे. शोध घेतल्यावर त्यामागचा हिशेब कळला. रीडर व्ह्यूचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता येईल असा खुला असून पान वाचण्याजोगे आहे की नाही हे तो मजकुराच्या तुकड्यांच्या लांबीवरून ठरवतो, आणि १४० चिन्हांपेक्षा लहान तुकडे जमेसच धरत नाही. या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सारे स्वतंत्र चिन्ह ठरते. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो दहा चिन्हांचा आहे. म्हणजे या हिशेबात मराठीचा फायदाच होतो. तरीही जिथे प्रत्येक छोट्या वाक्याला नवा परिच्छेद करण्याची पद्धत आहे, तिथे बातमी गाळणीतून निसटते. पुढची पायरीही अशीच मजेदार आहे: मुख्य मजकूर कोणता हे ठरवताना स्वल्पविरामांना गुण मिळतात आणि दुव्यांनी भरलेल्या भागाचे वजन घटते. स्वल्पविराम देऊन नीट लिहिणाऱ्या वार्ताहराची बातमी यंत्रालाही चांगली वाटते, हे वाचून मला बरे वाटले. ‘हेही वाचा’ची ओळ मात्र संकेतस्थळाने बातमीच्याच परिच्छेदांत साध्या परिच्छेदासारखी गुंफलेली असेल तर ती पुष्कळदा तशीच राहते. तिची आता सवय झाली आहे.

दोनदा मी फसलो. गेल्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या येत होत्या आणि आम्हा सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवर होते. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि २०१९ च्या महापुरानंतर हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. सतत अद्ययावत होणारे एक पान मी सकाळी रीडर व्ह्यूमध्ये उघडून ठेवले आणि दुपारपर्यंत अधूनमधून त्याच्याकडे पाहून आकडा स्थिर आहे असे घरात सांगत राहिलो. शेजारच्या काकांनी हटकले तेव्हा लक्षात आले की मी सकाळी सातचा आकडा पाहत होतो. रीडर व्ह्यू उघडतो त्या क्षणी पानात जे असेल तेवढेच घेतो. मागचे पान पुढे गेले तरी हे तिथेच थांबलेले असते. चूक माझीच होती, पण सुदैवाने त्या दिवशी त्या चुकीची किंमत मोजावी लागली नाही. क्षणाक्षणाला बदलणारी बातमी मूळ पानावरच वाचावी, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

दुसरा प्रसंग बेदाण्याच्या सौद्यांचा. तासगावच्या दरांची एक बातमी वाचून मी मेहुण्यांना फोनवर सांगितले की बातमीत दरच दिलेले नाहीत. दर होते, संकेतस्थळाने त्यांचा तक्ता दुसरीकडून आणून वेगळ्या चौकटीत डकवला होता, आणि अशा आयात चौकटी गाळणीत राहत नाहीत. साध्या तक्त्यांची अशी अडचण सहसा येत नाही. आता बातमीत ‘खालीलप्रमाणे’ असा शब्द आला आणि खाली काहीच दिसले नाही की मी मूळ पानावर परततो.

अण्णांसाठी दोन गोष्टी फार उपयोगी ठरल्या. रीडर व्ह्यूमधून छापले तर एरवी आठ-नऊ कागद खाणारा लेख तीन कागदांत, मोठ्या अक्षरात निघतो. रविवारचे दोन लेख मी त्यांना असे काढून देतो आणि ते त्यांवर लाल पेनाने शुद्धलेखन तपासतात, जे त्यांच्या दृष्टीने वाचनाइतकेच महत्त्वाचे आहे. डोळे थकले की ते बातमी ऐकतात. त्यासाठी मी मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर ठेवला आहे, कारण त्याच्या ‘रीड अलाउड’मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज मिळतात. अण्णांना मनोहर पसंत आहे. आरोही घाई करते, असे त्यांचे म्हणणे आहे. वेग दोघांचा सारखाच ठेवलेला आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

राहिला प्रश्न जाहिरातींचा. वार्ताहराचा पगार त्यांतूनच निघतो, हे मला मान्य आहे, आणि रीडर व्ह्यू उघडण्याआधी मूळ पान लोड होत असल्याने जाहिराती माझ्यापर्यंत येतात हेही खरे; पण त्या मी पाहत नाही, आणि एवढ्यावर मनाचे समाधान होत नाही. म्हणून ज्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीवर माझा विश्वास आहे, त्याची डिजिटल वर्गणी मी ऑगस्टपासून भरतो. वर्गणीदाराला जाहिराती कमी दिसतात, उड्या मारणारे व्हिडिओही येत नाहीत. तरी तिथेही बातमी उघडल्यावर माझे बोट पहिल्यांदा त्या कागदाच्या चिन्हाकडेच जाते, कारण वर्गणी भरल्याने जाहिराती घटल्या, अक्षर मात्र होते तेवढेच बारीक राहिले.