चन्नपट्टण घ्यायचं की कोंडापल्ली?

दोन्ही लाकडी बाहुल्याच, पण हातात घेतलं की फरक लगेच कळतो. चन्नपट्टणची बाहुली (बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं गाव) लेथवर फिरवून बनते, फिरत असतानाच लाखेची रंगीत कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून लाकडाला बसते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. त्यामुळे सगळं गोल गोल, गुळगुळीत, पोरांनी आपटलं तरी फारसं काही होत नाही.

कोंडापल्लीचं (विजयवाड्याजवळ) एकदम वेगळं प्रकरण. तेल्ला पोनिकी नावाचं इतकं हलकं लाकूड की उचलल्यावर आत पोकळ आहे की काय असं वाटतं, हात-पाय-डोकं वेगळं कोरून चिंचोक्याची खळ आणि भुसा यांच्या लगद्याने चिकटवतात, मग ब्रशने रंग. माझ्याकडच्या ताडी काढणाऱ्याच्या पाठीवरचं मडकंसुद्धा वेगळं चिकटवलेलंय! पण नाजूक, पुसताना एकाचा हात निघाला, फेविकॉल झिंदाबाद.

घरात लहान मूल असेल तर डोळे झाकून चन्नपट्टण. पण शोकेससाठी मी कोंडापल्लीच घेईन, दशावताराचा सेट मिळाला तर सोडूच नका, कारण चेहऱ्यावर भाव तिथेच दिसतात, चन्नपट्टणच्या बाहुल्या गोड असल्या तरी सगळ्या बहिणी-बहिणी वाटतात.