लातूरचं एक प्रायव्हेट आयसीयू: डॉक्टर भारी, बिलिंग काउंटर वैताग

काकांच्या पायाची शुगरची जखम चिघळली आन बीपी पार खाली गेला, सेप्टिक शॉक म्हणले, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून बीपी कोसळणं. अँटिबायोटिक, सलाईन, बीपी वाढवायचं नॉरअ‍ॅड्रेनलिन लगेच चालू केलं, त्याचे फुल मार्क. तरी बीपी टिकंना म्हणून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, 50 मिग्रॅ दर 6 तासाला. मग आमच्या पाव्हण्यानं मोबाईलवर बघून धरून बसलं की सोबत व्हिटॅमिन सी आन थायमिन (व्हिटॅमिन बी1) द्या, अमेरिकेत डॉ. मॅरिकनं 2017 ला लई लोक वाचवलेत म्हणे. (पाव्हण्यांचं खताचं दुकान आहे.) डॉक्टर चिडले नाहीत, बाहेर येऊन सांगितलं की तो अभ्यास एकाच हॉस्पिटलचा, 47 पेशंट, आन तुलना आधीच्या 47 जुन्या पेशंटशी. पुढं 2020 ला 200 च्या वर पेशंटचे गट पाडून बघितलं तर नुसत्या स्टेरॉइडपेक्षा जास्त फायदा काय दिसला नाही, आन 2022 ला व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या मोठ्या अभ्यासात तर मृत्यू नायतर अवयव निकामी राहणं उलट जास्त निघालं. म्हणून स्टेरॉइड देतो, बाकी नाही. मला हे लई पटलं, बिल फुगवायचं असतं तर हो म्हणले असते ना! स्टेरॉइडनं शुगर वाढती म्हणून सिस्टर सारखी शुगर बघून इन्सुलिन द्यायच्या. काका आता घरी आहेत.

बिलिंगवाले मात्र धड बोलत नाहीत, नातेवाईकांना बसायला जागा नाही आन कॅन्टीनचा चहा निव्वळ गरम पाणी. 5 पैकी 4.