सहा आठवड्यांचा कोर्स आणि अर्ध्यात सोडलेलं सुदान

तीन तारे. साडेतीनची सोय असती तर साडेतीन दिले असते.

हुकूमशाहीविरुद्ध निःशस्त्र लढायचं की हत्यार उचलायचं, या विषयावरचा हा ऑनलाइन कोर्स. मी आणि माझा भाचा, दोघांनी मिळून केला. म्हणजे पैसे मी भरले आणि भांडण त्याने पुरवलं. 'मावशी, समोरचा गोळ्या घालतोय आणि तुम्ही मेणबत्त्या लावणार?' हे त्याचं पहिल्या दिवसापासूनचं पालुपद.

दुसरा आठवडा सगळ्यात जमलाय. सर्बिया. ओत्पोर या तरुणांच्या संघटनेने बेलग्रेडच्या भर बाजारपेठेत एक पिंप ठेवलं, त्यावर तिथला हुकूमशहा मिलोशेविचचा चेहरा, शेजारी दांडकं. नाणं टाका, एक हाणा. ही रांग लागली! ठेवणारे केव्हाच बाजूला सटकलेले. पोलीस आले, पण धरायचं कोणाला? शेवटी त्यांनी पिंपच उचलून नेलं. हसल्याने भीती जाते, हे कोणीही सांगेल. कोर्समध्ये शिकवणाऱ्या बाई मात्र त्या पिंप उचलणाऱ्या पोलिसाच्या मागे लागतात. घरी गेल्यावर त्याला बायको काय म्हणाली असेल? ५ ऑक्टोबर २००० ला लोक संसदेत घुसले तेव्हा अश्रुधूर सुटला, पण गर्दीवर गोळ्या झाडायला बहुतेक पोलीस तयार झाले नाहीत. पिंपापासून तिथवरची वाट त्या अशी दाखवतात की मला आमचा संप आठवला. गेटवरचा वॉचमन रोज आमची नावं लिहून साहेबाला द्यायचा. नवव्या दिवशी त्याने वही उघडलीच नाही. आम्ही जिंकणार हे मला त्या वहीवरून कळलं होतं.

फिलिपिन्सचा धडा छोटा, पण भाच्याला गप्प करणारा. तिथले कम्युनिस्ट गनिम १९६९ पासून जंगलात लढत होते. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीवर त्यांच्या पक्षाने बहिष्कार टाकला. त्याच महिन्यात हुकूमशहा मार्कोसला पळावं लागलं, आणि रस्त्यावर रणगाड्यांसमोर होत्या जपमाळा घेतलेल्या नन. (भाच्याने नंतर काढलेला मुद्दाही खरा आहे: मार्कोसविरुद्ध बंड करून छावणीत बसलेल्या सैनिकांकडे बंदुका होत्याच की.)

चौथा आठवडा आकड्यांचा, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. चेनोवेथ आणि स्टीफन या संशोधकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या: निःशस्त्र यशस्वी ५३ टक्के, सशस्त्र २६ टक्के. कोर्स हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे फळ्यावर लावून मोकळा होतो. २०१० नंतर निःशस्त्र मोहिमांचं यशही बरंच घसरलं, सशस्त्र मोहिमांचं तर त्याहून जास्त, हे चेनोवेथ यांनीच पुढे मांडलंय. त्याचा इथे उल्लेखसुद्धा नाही. वर परीक्षेत 'चूक की बरोबर' छापाचा प्रश्न!

पाचव्यात सराव आहे. तुम्ही सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या देऊन बसलात. ११ एप्रिल २०१९, हुकूमशहा बशीर गेला, सत्ता सेनाधिकाऱ्यांकडे. घरी जाणार की बसून राहणार? आम्ही बसलो. मग ३ जूनला सुरक्षा दलांनी त्याच ठिय्यावर केलेलं हत्याकांड. आता पडद्यावर दोन बटणं: 'शस्त्र' आणि 'संघटना'. भाच्याने माझ्या हातून माउस घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि 'संघटना' दाबलं. खऱ्या सुदानी लोकांनीही तेच केलं होतं. इंटरनेट बंद असताना मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या प्रतिकार समित्यांनी निरोप फिरवले आणि ३० जूनला प्रचंड मोर्चे निघाले. ऑगस्टमध्ये लष्कर आणि आंदोलक यांच्यात सत्तावाटपाच्या करारावर सह्या झाल्या. पडद्यावर कागदी फुलं उडाली, 'अभिनंदन' आलं, धडा संपला.

संपला? २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लष्कराने तो करार उधळला. एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढताहेत, आणि शहर कोणाचं बेचिराख होतंय? त्या ठिय्यात बसलेल्यांचं. ज्यांच्या हातात बंदुका राहिल्या त्यांचं पुढे काय करायचं, या प्रश्नावर एक व्हिडिओ नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतरचा म्यानमार तर सहाव्या आठवड्यात पाच मिनिटांत उरकलाय. डॉक्टरांनी काम सोडलं, रात्री आठला घराघरांतून भांडी वाजली, आणि त्यांतलीच काही पोरं मे २०२१ नंतर बंदूक घेऊन जंगलात का गेली, हे ऐकायला तर भाचा बसला होता.

मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.' सोबत प्रमाणपत्र, माझं नाव चुकवून. भाच्याचं बरोबर आलंय.